अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात तीन तास

ओमोनिया किंवा व्हिक्टोरिया मेट्रो स्थानकावर उतरून चालत पातिसियोन रस्त्यावर या. मंगळवारी संग्रहालय दुपारी उघडतं. मोठी सॅक क्लोकरूममध्ये द्यावी लागते. फोटो काढा, पण फ्लॅशशिवाय. पुतळ्याची नक्कल करत पोज दिलीत तर रखवालदार लगेच हटकतात.

आत शिरताच सगळे समोरच्या ४ क्रमांकाच्या दालनात, मायसीनी या प्राचीन ग्रीक नगरीतल्या सोन्याच्या मुखवट्याकडे धावतात. तिथल्या गर्दीत वेळ आणि पाय दोन्ही खर्ची पडतात. मुखवटा शेवटी पाहा. जर्मन उत्खननकर्ता श्लीमन याला १८७६ मध्ये सापडलेला हा मुखवटा अगामेम्नॉनचा, म्हणजे ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीकांच्या सेनापती राजाचा, म्हणून गाजला, पण ट्रॉयच्या युद्धाचा मानला जाणारा काळ त्याच्यानंतर निदान तीन शतकांचा.

त्याऐवजी डावीकडे वळा आणि ७ पासून क्रमाने चालत राहा. सुरुवातीचे संगमरवरी तरुण पाहताना फक्त पाय बघा: डावा पाय पुढे, तरी भार दोन्हींवर सारखा, हात मांड्यांना चिकटलेले. हे डोळ्यांत ठेवून १५ व्या दालनात जा. इ.स.पू. ४६० च्या सुमाराचा, २.०९ मीटर उंचीचा कांस्यदेव तिथे काहीतरी फेकायच्या बेतात उभा आहे. वज्र असेल तर देवांचा राजा झ्यूस, त्रिशूळ असेल तर समुद्रदेव पोसायडन. बाजूने पाहा: लांब त्रिशूळ चेहऱ्याला आडवा आला असता, म्हणून झ्यूसचं पारडं जड. (पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीतही निघाली आहे, ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे.)

या देवाच्या डोळ्यांच्या खोबण्या रिकाम्या आहेत. २८ व्या दालनातल्या, अँटिकिथेरा बेटाजवळ सापडलेल्या तरुणाच्या कांस्यपुतळ्याचे जडवलेले डोळे मात्र शाबूत आहेत. दोन्ही लागोपाठ पाहिलेत तर डोळ्यांनी केवढा फरक पडतो ते कळतं.

प्राचीन कांस्य बहुतेक वितळवलं गेलं. हे दोन पुतळे आणि २१ मधला घोडेस्वार वाचले ते जहाजांबरोबर समुद्रात बुडाले म्हणून. ३८ व्या दालनातलं अँटिकिथेराचं यंत्र, म्हणजे ग्रह-ताऱ्यांचं गणित करणारं प्राचीन उपकरण, हेही तसंच. त्याचे ८२ तुकडे उरलेत, त्यांत ३० दातेरी चाकं. सगळ्यात मोठ्या तुकड्यासमोर थांबा. चार आरे असलेलं मोठं चाक साध्या डोळ्यांनी दिसतं. आतली बरीचशी चाकं क्ष-किरणांनीच उलगडली, म्हणून शेजारच्या प्रतिकृती आधी पाहिल्या तर तुकडे वाचता येतात.

थेरा (आजचं सँटोरिनी) बेटावरची भित्तिचित्रं वरच्या मजल्यावर, ४८ मध्ये. त्यांच्यासाठी अर्धा तास राखून ठेवा.