टीअरड्रॉप ट्रेलर कच्च्या रस्त्यावर नेताय? या चुका टाळा

टीअरड्रॉप म्हणजे थेंबाच्या आकाराचा, आत झोपायची जागा आणि मागच्या झाकणाखाली स्वयंपाकाचा ओटा असलेला छोटा मुक्कामाचा ट्रेलर. घरी बांधलेल्या टीअरड्रॉपला ऑफ-रोड करायचं ठरलं की पहिली खरेदी टायरांची होते. मोठे, जाडजूड, दात काढलेले टायर. फोटोत ट्रेलर एकदम रांगडा दिसतो आणि मालक खूश होतो. पण कच्च्या रस्त्यावर ट्रेलर मोडतो तो टायर लहान होते म्हणून फार क्वचित. तो मोडतो थरथरीने.

कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत यूबीहीबी विवरापासून रेसट्रॅकच्या कोरड्या तळ्यापर्यंत जाणारा रस्ता घ्या. साधारण २७ मैल, आणि बराचसा पन्हाळी पत्र्यासारखा. दोन फुटांना एक लाट धरली, तरी एका बाजूच्या प्रवासात सत्तर हजारांवर हिसके होतात. मोठा दगड आला तर आपण गाडी थांबवतो, उतरतो, चाक कुठून न्यायचं ते बघतो. या सत्तर हजार हिसक्यांकडे मात्र कोणी बघत नाही. नट सैल होतात, वेल्डिंगला चिरा जातात, वायरीचं आवरण घासून तांबं उघडं पडतं.

वजन आधी, टायर नंतर

‘ऑफ-रोड म्हणजे मजबूत आणि मजबूत म्हणजे जाड’ हा समज सगळ्या घोटाळ्याचं मूळ आहे. पाऊण इंची प्लायचं चार बाय आठ फुटांचं एक पान साठ-सत्तर पाउंडांचं भरतं. बाजूच्या भिंती, तळ आणि आतली कपाटं सगळी त्याच प्लायची केली की मुक्कामाचं सामान भरायच्या आधीच ज्यावर हे सगळं उभं करतो त्या स्वस्तातल्या घडीच्या ट्रेलरची क्षमता संपत आलेली असते. भिंतींचं प्लाय आतून चौकटीसारखं कापून काढा, पोकळीत फोमचा बोर्ड भरा आणि दोन्ही बाजूंनी पातळ प्लाय चिकटवा. भिंत हलकी होते, उबही राखते. ताकद येते ती आतल्या आडव्या फळ्या आणि कपाटं भिंतींना नीट गोंदाने जोडल्यामुळे. नुसत्या स्क्रूवर उभं केलेलं कपाट थोड्याच दिवसांत करकरायला लागतं. दाराच्या भोकाचे कोपरेही काटकोनात कापू नका. भेग तिथूनच सुरू होते, म्हणून कोपऱ्याला गोलाई हवी.

वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे गाडीच्या हिचवर (ट्रेलर अडकवायच्या जोडणीवर), पडायला हवा. तो कमी झाला की हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. टीअरड्रॉपची अडचण अशी की ओटा मागे, ॲक्सलच्याही मागे असतो. आपली मंडळी तिथे कुकर, परात, तवा, मसाल्याचा डबा आणि दहा पाउंडांची तांदळाची पिशवी रचतात, त्यातलं प्रत्येक पाउंड दांडीवरचा भार कमी करतं. त्यात कोणी ‘मागे जागा होती’ म्हणून पाण्याची टाकीही तिथेच बसवतं. हिशेब करून बघा. २० गॅलन पाणी म्हणजे सुमारे १६७ पाउंड. टाकी ॲक्सलच्या दोन फूट मागे आणि हिचच्या गोळ्यापासून ॲक्सलपर्यंत नऊ फूट अंतर असेल, तर दांडीवरचा भार सुमारे ३७ पाउंडांनी घटतो. १५०० पाउंडांच्या ट्रेलरला दांडीवर १८० असतील ते १४३ उरले, म्हणजे दहा टक्क्यांच्याही खाली. टाकीची जागा ॲक्सलवर किंवा किंचित पुढे.

हा भार मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. फळीचं एक टोक विटेवरच्या पाइपावर आणि दुसरं काट्यावरच्या पाइपावर ठेवा, मध्ये तीन फूट अंतर. दांडी विटेच्या बाजूने एक फुटावर टेकवा. काटा दाखवेल त्याची तिप्पट केली की दांडीवरचा भार मिळतो. मात्र सामान, पाणी, बॅटरी, सगळं भरून मोजा. रिकाम्या ट्रेलरचं माप काही कामाचं नाही.

रस्त्यावर शेपटी हलायला लागलीच, तर गाडीचा ब्रेक दाबू नका आणि वेगही वाढवू नका. ॲक्सलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीतल्या ब्रेक-कंट्रोलरची हातातली कळ हलकेच दाबा. मग थांबून वजन पुढे सरकवा.

सस्पेन्शनमधली हमखास चूक

१३०० पाउंडांच्या ट्रेलरखाली ३५०० पाउंडांचा ॲक्सल त्याच क्षमतेच्या पाट्यांसकट (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगसकट) बसवायचा आणि ‘काळजीच मिटली’ म्हणायचं! एवढ्या हलक्या वजनाखाली ते पाटे वाकतच नाहीत. ट्रेलर प्रत्येक लाटेवर उड्या मारतो आणि धक्का थेट फ्रेममध्ये जातो. आत अंड्यांचा ट्रे असेल तर तो निकाल लगेच सांगतो. ॲक्सल, बेअरिंग आणि ब्रेक मोठे घ्यायला हरकत नाही, पण स्प्रिंग प्रत्यक्ष वजनाला साजेशी हवी. रबराचे टॉर्शन ॲक्सल (ज्यांत पीळ घेणारं रबरच स्प्रिंगचं काम करतं) ऑर्डर देताना कमी क्षमतेला बसवून मिळतात. पाट्यांच्या सस्पेन्शनला कमी क्षमतेचा संच मिळतो, आणि सोबत शॉक ॲब्सॉर्बर लावले की पन्हाळी रस्त्यावर फरक जाणवतो.

उंची वाढवायला पाट्यांच्या वर बसलेला ॲक्सल पाट्यांच्या खाली घेणं ही जुनी आणि चांगली युक्ती आहे. पण तो ॲक्सल उलटा फिरवून बसवायचा नसतो. त्याच्या नळीला मुद्दाम वरच्या बाजूला किंचित बाक दिलेला असतो. उलटा केला की चाकं वरून आत झुकतात आणि टायरांची आतली कड झिजते. ॲक्सल आहे तसाच ठेवून स्प्रिंगची बैठक वरच्या बाजूला नव्याने वेल्ड करा. आणि ट्रेलर उंच झाला की गाडीकडचा हिचही उंच लागतो, हे विसरून अनेक जण नाक खाली घातलेला ट्रेलर घेऊन फिरतात.

पाट्यांच्या डोळ्यांत, म्हणजे टोकांच्या गोल भोकांत, कारखान्यातून येणारे नायलॉनचे बुश (बोल्टभोवतीच्या नळ्या) धुळीत लवकर झिजतात. त्यांच्या जागी ब्राँझचे बुश आणि आतून ग्रीस भरता येणारे बोल्ट घाला. खर्च किरकोळ, आयुष्य कितीतरी वाढतं.

दोन्ही चाकांचं स्वतंत्र, मधल्या नळीशिवायचं सस्पेन्शन घेणार असाल, तर खाली जागा छान मिळते. पण आतापर्यंत फ्रेमला आडवं धरून ठेवणारा ॲक्सल आता नाही, हे ध्यानात ठेवून त्या जागी भक्कम आडवा पाइप वेल्ड करायलाच हवा. तो नसेल तर दोन्ही बाजू हळूहळू आतल्या आत पिळवटतात.

आता टायर. ते गाडीच्या टायरांच्याच मापाचे आणि चाकांची बोल्टरचनाही तीच, हे सगळ्यात शहाणपणाचं, कारण मग दोघांना एकच स्टेपनी चालते. इथे फसगत होते ती अशी: छोट्या ट्रेलरांना सर्रास पाच बोल्ट आणि त्या बोल्टांचं साडेचार इंचांचं वर्तुळ असतं, तर जीप रँग्लरच्या २००७ नंतरच्या मॉडेलांना पाच बोल्ट पण पाच इंचांचं. नुसतं बघून फरक कळत नाही, चाक मात्र बसत नाही. म्हणून ॲक्सल मागवण्याआधी गाडीची रचना बघा.

दांडी आणि कपलर

ट्रेलरच्या फ्रेमचा सगळ्यात दुखरा भाग म्हणजे दांडी जिथे पहिल्या आडव्या पाइपाला मिळते ती जागा. तिथे पाइपाच्या वरच्या-खालच्या बाजूंवर आडवं वेल्डिंग केलं किंवा टूलबॉक्ससाठी भोक पाडलं, की चीर तिथूनच जाणार. वेल्डिंग पाइपाच्या उभ्या बाजूंवर असावं. जोडपट्टी चौकोनी नको, टोकाला निमुळती हवी, म्हणजे ताण एका रेषेत गोळा होत नाही. वेल्डिंग यूट्यूब बघून शिकलेलं असेल तर त्यावर शेगडीचं स्टँड खुशाल करा, दांडी मात्र जाणत्या वेल्डरकडून करून घ्या.

साधा दोन इंची गोळ्याचा कपलर, म्हणजे हिचच्या गोळ्यावर बसणारं दांडीचं टोक, सपाट रस्त्यासाठी आहे. गाडीचं एक चाक खळग्यात आणि ट्रेलरचं दगडावर, अशा वेळी त्याला पुरेसं वळता येत नाही आणि पीळ दांडीवर येतो. खऱ्या कच्च्या वाटांवर जायचं असेल तर तिन्ही दिशांनी फिरणारा कपलर घ्या. पैसे टायरांवर घालण्याआधी इथे घाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाणी शिरतं एकीकडे, दिसतं दुसरीकडे

टीअरड्रॉप मरतो तो बहुतेक वेळा कुजून. प्लायचा पृष्ठभाग रंगाने वाचतो, पण पाणी शिरतं कडांमधून आणि स्क्रूच्या भोकांतून. कडांना पातळ इपॉक्सी पोटभर पाजा. बाहेरून आत जाणारं भोक मोठं पाडून इपॉक्सीने बुजवा आणि त्यातच पुन्हा बारीक भोक पाडा. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

खिडक्या, पंखा आणि छताच्या पट्ट्यांखाली ब्यूटिल टेप (मऊ, चिकट रबराची पट्टी) वापरा. सिलिकॉनची नळी स्वस्त आणि हाताशी असते, पण ट्रेलर थरथरला की ते कडेने सुटतं, आणि त्याच्या अंशावर पुढे ना रंग धरत ना दुसरं सीलंट. आणखी एक: तळाला रसायन मुरवलेलं लाकूड वापरलं असेल तर ॲल्युमिनियमचा पत्रा त्याला थेट टेकवू नका. त्यातलं तांबं ॲल्युमिनियम खातं.

गळती शोधताना ओल दिसते तिथे खणत बसू नका, पाणी आतल्या पट्टीवरून चार फूट चालत आलेलं असू शकतं. पानं उडवायचा ब्लोअर पंख्याच्या भोकात बसवून आत हवा भरा, बाकी फटी टेपने बंद करा आणि बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे येतील तिथे गळती.

पण दरवेळी ती गळतीच असते असं नाही. दोन माणसं बंद डब्यात रात्रभर श्वास सोडतात, तेव्हा सकाळी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर थेंब लोंबतातच. पाऊस नसतानाही गादीखाली ओल सापडली तर सीलंट नका शोधू. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला आणि झोपताना पंखा मंद चालू ठेवून खिडकी बोटभर उघडी ठेवा.

फुफाटा

ट्रेलर चालताना त्याच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि आपल्याच चाकांनी उडवलेला फुफाटा मागच्या झाकणाच्या फटीतून आत ओढला जातो. संध्याकाळी झाकण उघडलं की चहाच्या कपापासून पोह्यांच्या डब्यापर्यंत सगळं एका रंगाचं. अशा वेळी लोक रबरावर रबर चिकटवतात. त्याआधी झाकण बघा. वाकवलेलं प्लाय गोंद सुकल्यावर थोडं सरळ होतं, त्यामुळे खालचे कोपरे टेकत नाहीत. शिवाय झाकण उचलून धरणारे गॅस स्ट्रट जास्त जोराचे असतील तर ते झाकण मधून फुगवतात. हलके स्ट्रट लावा, आणि कुलूप मध्ये एक असण्याऐवजी दोन कोपऱ्यांत दोन. मग पोकळ नळीसारखं रबर नीट दाबलं जातं.

ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी यावर आणखी पुढची युक्ती वापरली आहे: छताला पुढे तोंड करून फिल्टर लावलेली झडप. चालताना ती स्वच्छ हवा आत दाबते, आतला दाब बाहेरपेक्षा किंचित जास्त राहतो आणि धूळ बाहेरच थांबते. पण एवढा घट्ट डबा बांधलात तर आत शेगडी किंवा गॅसचा साधा हीटर कधीही पेटवू नका, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.

वीज आणि कायदा, थोडक्यात

इंडिकेटर लावला की मागचे सगळेच दिवे मंद लुकलुकत असतील, तर दोष बहुधा पांढऱ्या, म्हणजे अर्थच्या वायरीत. अर्थ हिचच्या गोळ्यावर सोडू नका. जोड दाबून केलेले हवेत, नुसती डाग दिलेली वायर थरथरीत डागाच्या कडेला तुटते. मुख्य फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज करायची नसते, म्हणून कॅलिफोर्नियातल्या सिएरा डोंगरांच्या थंडीत ती दांडीवरच्या पेटीत नको, आत ठेवा.

ट्रेलरला ब्रेक कधी सक्तीचे हे अमेरिकेत राज्यागणिक बदलतं. अनेक राज्यांत मर्यादा ३००० पाउंडांची आहे, कॅलिफोर्नियात कॅम्पिंग ट्रेलरला १५०० चीच. घरी बांधलेल्या ट्रेलरला नंबर मिळवताना पावत्या मागतात, म्हणून पोलादाच्या पहिल्या पाइपापासूनची प्रत्येक पावती जपा.

पहिला कच्चा रस्ता

चाकांचे नट टॉर्क पान्याने आवळा. अर्ध्या इंची स्टडला (ज्यावर चाकाचा नट बसतो त्या बोल्टला) साधारण ९० ते १२० फूट-पाउंड लागतात. पुन्हा १०, २५ आणि ५० मैलांवर तपासा, नवीन चाकांचे नट बसतात तसे सैल पडतात. फ्रेमच्या सगळ्या बोल्टांना नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) घाला आणि नटावरून फ्रेमवर मार्करची एक रेघ ओढा, म्हणजे नट हलला की लांबूनच कळतं. परत आल्यावर दांडीचा सांधा धुऊन, पुसून टॉर्चच्या तिरप्या उजेडात बघा. रंगात केसाएवढी रेघ दिसली आणि तिच्यातून गंजाचा ओघळ आला असेल, तर ती रंगाची नाही, पोलादाची चीर आहे. वरून रंग मारून पुढच्या शनिवारी निघू नका. ट्रेलर तिथेच ठेवा आणि वेल्डरला घरी बोलवा.