टीव्हीवर चक्र फिरतंय? राऊटर बदलू नका

लग्नाच्या डीव्हीडी, मोबाइलवरचे व्हिडिओ, जमवलेले सिनेमे हे सगळं एका कॉम्प्युटरवर ठेवून घरातल्या कुठल्याही टीव्हीवर बघायचं असेल तर सरळ जेलीफिन हे सॉफ्टवेअर घ्या. फुकट आहे. एम्बी नावाचं असंच एक सॉफ्टवेअर आहे. २०१८ साली एम्बीवाल्यांनी आपला कोड लोकांसाठी बंद केला, तेव्हा त्यातूनच हे वेगळं निघालं. इंटरनेट गेलं तरी घरातल्या घरात चालतं.

उतरवा, बसवा, ब्राउझरमध्ये त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कमधला त्याचा नंबर) आणि त्याला जोडून पोर्ट, म्हणजे :८०९६ टाका. राऊटरमध्ये तो पत्ता त्या कॉम्प्युटरसाठी राखून ठेवा, म्हणजे तो बदलत नाही. टीव्हीवरच्या जेलीफिन ॲपला सर्व्हर, म्हणजे हा कॉम्प्युटर, सापडत नसेल तर विंडोजने तुमचं वायफाय ‘पब्लिक’ धरलंय का बघा, असेल तर ‘प्रायव्हेट’ करा.

प्रत्येक सिनेमाला वेगळा फोल्डर, नावापुढे कंसात साल. एकाच नावाचे सिनेमे ढिगाने आहेत, साल नसेल तर भलतंच पोस्टर चिकटतं. घरच्या व्हिडिओंसाठी ‘होम व्हिडिओ’ प्रकारची वेगळी लायब्ररी करा, नाहीतर भाचीच्या बारशाला एखाद्या भयपटाचं पोस्टर लागलेलं दिसेल.

आता खरी गोम. सिनेमा सुरू होतो, दोन मिनिटांनी अडखळतो, कॉम्प्युटरचा पंखा गिरणीसारखा घरघरतो. इथे जो तो सांगतो, ‘नेट स्लो आहे, राऊटर बदला.’ या सल्ल्याने माझं डोकं फिरतं. पंखा ओरडतोय म्हणजे दुखणं प्रोसेसरचं आहे. टीव्हीला फाइल जशी आहे तशी झेपत नाही, म्हणून सर्व्हर ती चालता चालता दुसऱ्या स्वरूपात बदलून देतोय. याला ट्रान्सकोडिंग म्हणतात आणि जुन्या लॅपटॉपचा यात जीव जातो.

अंदाज बांधत बसू नका. व्हिडिओ चालू असतानाच मोबाइलवर जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. कोण काय बघतंय त्याचं कार्ड दिसेल, त्यावरची माहितीची खूण दाबा. ‘डायरेक्ट प्ले’ असेल, म्हणजे फाइल जशीच्या तशी जात असेल, तर मगच वायफायकडे वळा. ‘ट्रान्सकोडिंग’ असेल तर कारणही तिथेच लिहिलेलं असतं.

बहुतेक वेळा चोर सबटायटल असतात. ब्ल्यू-रेवरून आलेली सबटायटल अक्षरांची नसून चित्रांची असतात. टीव्हीला ती वेगळी दाखवता आली नाहीत, तर सर्व्हरला प्रत्येक फ्रेमवर रंगवून द्यावी लागतात. बंद करून बघा, पंखा गप्प बसला तर एसआरटी फाइल, म्हणजे साध्या अक्षरांतली सबटायटल वापरा. मराठी एसआरटी साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ हेच निवडा, नाहीतर अक्षरांचा काला होतो. दुसरं कारण ॲपमधली क्वालिटी. कुणीतरी ती कमी करून ठेवलेली असते आणि सर्व्हर बिचारा धडधाकट फाइल बारीक करत बसतो. फक्त आवाज बदलला जात असेल तर सोडून द्या, त्याला फारशी ताकद लागत नाही.

कारण व्हिडिओचंच असेल, म्हणजे फाइल एचईव्हीसी या नव्या व्हिडिओ प्रकारात आणि टीव्ही जुना, तर दोनच उपाय. इंटेलचा सातव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर असेल तर जेलीफिनच्या प्लेबॅक सेटिंगमध्ये क्विक सिंक चालू करा, म्हणजे ट्रान्सकोडिंगचं काम प्रोसेसरमधली ग्राफिक्स चिप करते. नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसतं, तिथे हे होणार नाही. त्या सेटिंगखाली व्हिडिओ प्रकारांची यादी असते, तिथे सगळ्यांवरच खुणा करू नका. चिपला जे जमत नाही त्यावर टिक केलीत तर व्हिडिओ सुरूच होत नाही.

त्याहून जुनी मशीन असेल तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने रात्रभरात फाइली एच२६४ या जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या प्रकारात बदलून ठेवा. माझा कौल यालाच. एकदा बदललेली फाइल कुठल्याही टीव्हीवर मुकाट चालते. लग्नाच्या डीव्हीडीत एकेक जीबीच्या व्हीओबी फाइलींचे तुकडे असतात, ते सुटे टाकू नका. हँडब्रेकला अख्खा ‘व्हिडिओ_टीएस’ फोल्डर द्या, सलग एक फाइल मिळते. हँडीकॅमचं चित्रण असेल तर डीइंटरलेस चालू ठेवा, नाहीतर नवरीने मान वळवली की चेहऱ्यावर कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात.

सर्व्हर केबलने जोडा. टीव्ही वायफायवर असेल तर ५ गिगाहर्ट्झवर घ्या.

पुण्याला शिकणाऱ्या मुलीला किंवा परदेशातल्या भावाला दाखवायचं असेल तर राऊटरवर पोर्ट उघडून सर्व्हर जगासमोर ठेवू नका. दोन्हीकडे टेलस्केल टाका, हे दूरची उपकरणं खासगी नेटवर्कने जोडतं, आणि त्यात दिसणारा सर्व्हरचा पत्ता जेलीफिनच्या ॲपमध्ये भरा.