आठवणीतले निसर्गचित्र रंगवताना

आठवणीतून निसर्गचित्र काढायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिली चूक करतो ती मोबाइलमधला जुना फोटो उघडण्याची. फोटोत गवताची काडी आणि घराची कौले सारख्याच इमानाने उमटलेली असतात; आठवणीने मात्र काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे आधीच ठरवून टाकलेले असते, आणि ती निवड बिघडू न देणे हेच या पद्धतीतले खरे काम आहे.

सुरुवात शब्दांनी करावी. एकच जागा घ्यावी, समजा आजोळच्या घराकडे चढत जाणारी जांभ्या दगडाची पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, आणि आपोआप आठवेल तेवढेच लिहून काढावे: पावसाने काळपट तांबड्या झालेल्या पायऱ्या, गडग्यावरचे, म्हणजे दगडी कुंपणावरचे शेवाळ, वरच्या टोकाला दिसणारा आभाळाचा तुकडा. शेजारचे घर आठवत नसेल, तर ते चित्रात घेऊ नये. केवळ तर्काने भरलेली जागा पाहणाऱ्याला लगेच जाणवते, कारण तिथे हात नुसता सरावाने फिरलेला असतो.

मग 5 बाय 7 सेंटिमीटरच्या चौकटीत चार-पाच कच्ची रेखाटने करावीत. पायऱ्या लहानपणी छातीएवढ्या वाटल्या असतील, तर त्या तशाच काढाव्यात. पर्स्पेक्टिव्हचे, म्हणजे जवळचे मोठे आणि दूरचे लहान दाखवण्याचे नियम इथे खुशाल मोडावेत.

रंग तीनच घ्यावेत, असा माझा आग्रह आहे: अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा). पहिल्या दोहोंतून पावसाळी आभाळाचा राखाडी रंग मिळतो, आणि ऑकरमध्ये किंचित निळा मिसळला की मंद, जुनाट हिरवा तयार होतो. आषाढातले कोकण याहून कितीतरी हिरवेगार असते हे खरे; पण आपल्याला आषाढ रंगवायचा नसून तिथून परत निघताना दाटलेली हुरहुर रंगवायची आहे. चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा जलरंगाचा कागद भिजवून आभाळाचा रंग ओल्या कागदावरच सोडावा, त्याची कड पायऱ्यांत उतरली तर उतरू द्यावी, आणि कागद पूर्ण वाळल्यावरच एखाद-दुसऱ्या पायरीची कड ठसठशीत करावी. सगळ्याच कडा रेखल्या, की चित्र पुन्हा फोटोकडे झुकते.

चित्रकार सय्यद हैदर रझा 1950 मध्ये फ्रान्सला गेले, पण मध्य प्रदेशातल्या जंगलांत गेलेले बालपण त्यांच्या चित्रांत पुढे कितीतरी वर्षांनी उतरत राहिले. त्यांच्या 1972 च्या 'तपोवन'मध्ये झाडे मोजता येत नाहीत. जाणवतो तो जंगलातला काळोख आणि त्यातून उजळणारे रंग.

पहिले चित्र झाले की ते भिंतीकडे तोंड करून ठेवावे आणि आठवड्याने, त्याच्याकडे न बघता, तीच पाखाडी पुन्हा रंगवावी. दोन्ही चित्रे शेजारी ठेवल्यावर जे दोन्हींत आले असेल, तेवढेच घेऊन तिसरे, मोठे चित्र सुरू करावे.