ईमेल पत्ता खरा आहे का, पायथनने कसं तपासायचं

आधी डीएनएसपायथन या पायथन लायब्ररीने डोमेनचे (पत्त्यातला @ नंतरचा भाग) एमएक्स रेकॉर्ड काढा, म्हणजे त्या डोमेनची मेल कोणते सर्व्हर घेतात त्याची यादी; ज्याचा प्राधान्याचा आकडा सगळ्यात लहान तो सर्व्हर आधी धरायचा. मग एसएमटीपीलिबने (पायथनचं मेल पाठवायचं मॉड्यूल) त्या सर्व्हरच्या पोर्ट २५ वर कनेक्ट व्हा, हेलो, मेल फ्रॉम (पाठवणारा), आरसीपीटी टू (तपासायचा पत्ता) एवढ्याच कमांड पाठवा आणि डेटा, म्हणजे मजकुराची कमांड, न देता क्विट करा, म्हणजे समोरच्याला मेल जातच नाही. आरसीपीटी टू ला उत्तर म्हणून २५० हा कोड आला तर सर्व्हरने पत्ता घेतला, ५५० आला तर बहुतेक तसा मेलबॉक्सच नाही, पण ४५० किंवा ४५१ दिसला की लगेच पत्ता बाद करू नका हां, ग्रेलिस्टिंग (अनोळखी पाठवणाऱ्याला सर्व्हर आधी तात्पुरतं परत पाठवतो) असू शकतं, थोड्या वेळाने परत विचारा. काही डोमेन कॅच-ऑल असतात, म्हणजे कुठल्याही नावाची मेल घेतात, म्हणून एकदा मुद्दाम काहीतरी वाट्टेल ते, नसलेलं नाव टाकून बघाच, त्यालाही २५० मिळाला तर तिथे या तपासणीला काही अर्थ नाही, सरळ त्या पत्त्यावर कन्फर्मेशन लिंक (क्लिक करून पत्ता पक्का करायची) पाठवा. आणि घरच्या नेटवर पोर्ट २५ बऱ्याचदा बंदच असतो, तिथून कनेक्टच झालं नाही तर दोष पत्त्याचा समजू नका.