अमेरिकेत नाव बदलण्याआधी

न्यू जर्सीत येणाऱ्या आपल्या मंडळींना मी पहिल्या भेटीतच पासपोर्ट उघडायला सांगते. त्यात रकाने दोनच असतात: आडनाव आणि नाव. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आपल्या नावाला चिकटून दुसऱ्या रकान्यात बसतं. इथल्या फॉर्मांवर मात्र मधल्या नावाची वेगळी जागा. मग सोशलच्या (म्हणजे सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या) कार्डावर ‘मधुरा संदीप’, विम्यावर नुसतं ‘मधुरा’, बँकेत ‘मधुरा एस.’ आणि फार्मसीच्या खिडकीशी गेलं की औषध तयार असूनही नाव सापडत नाही. आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आणखी वाईट. व्हिसावर अख्खं नाव आडनावात सरकतं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) छापून येतं. हे सगळं भारतीय पासपोर्टातच दुरुस्त करून घ्या, शक्यतो निघण्यापूर्वी. ‘नंतर बघू, इथे कोणी विचारत नाही’ हा आपल्या लोकांचा लाडका सल्ला आहे. तो ऐकू नका. इथला कारकून मदत मनापासून करतो, पण टाइप तेच करतो जे कागदावर दिसतं.

लग्न झालं म्हणून पासपोर्टात नाव बदललंच पाहिजे असा नियम नाही. सासरकडून आग्रह झाला तरी घाई करू नका. ऑफिसात सोपं नाव हवं असेल तर नुसतं सांगायचं, त्याला कोर्ट लागत नाही.

कायद्याने नाव बदलायचं तर प्रत्येक राज्याची रीत वेगळी. न्यू जर्सीत सुपीरियर कोर्टात अर्ज, फी 250 डॉलर. कॅलिफोर्नियात वर्तमानपत्रात चार आठवडे नोटीस द्यावी लागते.

पण ग्रीन कार्ड होऊन बरीच वर्षं झाली असतील तर थांबा. नागरिकत्वाच्या एन-400 अर्जातच नाव बदलायचं आहे का, असा प्रश्न असतो, आणि त्याची वेगळी फी नाही. अट एकच: शपथविधी न्यायाधीशांसमोर व्हायला हवा, कारण नाव बदलण्याचा अधिकार कोर्टाचा, इमिग्रेशन खात्याचा नाही. काही ठिकाणी असे शपथविधी क्वचित होतात, म्हणून तारीख लांबू शकते. आई-वडिलांच्या आजारपणासाठी भारतात जायचं असेल तर आधी शपथ उरकून घ्या, नाव मागाहून राज्याच्या कोर्टात बदला. प्रमाणपत्र हातात पडलं की जागेवरून उठण्याआधी स्पेलिंग अक्षर-अक्षर तपासा.

त्यानंतर सोशल आधी, लायसन्स मागाहून, कारण लायसन्सवाले सोशलच्या नोंदीशी ताडून बघतात. विमानाचं तिकीट हातातल्या पासपोर्टावर जे नाव असेल त्याच नावाने काढायचं.

आता जे मी प्रत्येकाला बजावते ते. कोर्टाच्या आदेशाच्या शिक्क्याच्या प्रती त्याच दिवशी मागा, एक नव्हे, चार-पाच. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी नागरिकत्वाच्या वेळी आडनाव बदललं आणि एकच कागद घेतला, तोही घर बदलताना हरवला. पुढे ठाण्याचा फ्लॅट विकायला काढला, तर खरेदीखतावर जुनं नाव, पॅनवर जुनं, ओसीआयवर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांच्या कार्डावर) नवं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, हे दाखवायला हातात काही नाही. न्यू जर्सीच्या कोर्टातून प्रत मागवेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलं.

एका प्रतीवर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकारी शिक्का, करून ठेवा. भारत 2005 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे हा शिक्का तिकडे चालतो. राज्याच्या कोर्टाचा आदेश असेल तर अपोस्टिल राज्याकडून मिळतं, न्यू जर्सीत ट्रेझरी खात्याकडून. फेडरल कोर्टाचा असेल तर त्याच कोर्टाच्या क्लार्ककडून मिळतं. पॅन आणि एनआरओ खातं (अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँक खातं) त्याच वर्षी नव्या नावावर करून घ्या, सातबाऱ्यावर नाव असेल तर भावाबहिणींना प्रत पाठवून ठेवा. ओसीआयच्या अर्जालाही याच आदेशाची प्रत जोडावी लागते.