थकलेल्या पायांसाठी हवेच्या दाबाचं यंत्र कसं वापरावं

कोजागरीला तुळजापूरला पायी जाऊन आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जिना उतरताना बघा. चढायला एक वेळ जमतं, उतरताना मात्र कठडा धरावा लागतो. सोलापूरहून निघालं तरी ४५ किलोमीटरच्या आसपास चाल होते, लातूरकडून येणाऱ्यांची त्याहून जास्त. आम्ही लहान असताना अशा वेळी मोठ्यांचे पाय चेपायला लेकरांना बसवायचे आणि आजी बजावायची, "तळव्यापासून वर ने रे, खाली ओढू नको." हवेच्या दाबाचं यंत्र तेच काम करतं, आणि तेही आजीच्याच दिशेनं.

पायभर लांबीची पिशवी असते, गमबुटासारखी चढवायची. आत चार ते आठ कप्पे असतात. पंप सुरू झाला की आधी पावलाचा कप्पा फुगतो, मग घोट्याचा, पोटरीचा, शेवटी मांडीचा. मग सगळी हवा सुटते आणि पुन्हा पावलापासून सुरुवात. शिरांमध्ये रक्त वर जाऊ देणाऱ्या, खाली येऊ न देणाऱ्या झडपा असतात. चालताना पोटरीचे स्नायू शिरा पिळतात आणि रक्त हृदयाकडे ढकलतात. फळ्यापुढे उभ्या असलेल्या बाई, भट्टीपुढचा आचारी, दुकानात गिऱ्हाईक सांभाळणारा पोरगा, यांचे पाय दिवसभर उभे असतात पण चालत नाहीत. म्हणून संध्याकाळी घोट्याशी पाणी उतरतं आणि चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटतो. अशा पायांना या यंत्रानं हलकं वाटतं.

विकणारे सांगतात की यंत्र पायातलं लॅक्टिक ॲसिड, म्हणजे जोराच्या श्रमानं स्नायूंत तयार होणारं आम्ल, काढून टाकतं. हे पटवून घेऊ नका. ते शरीर स्वतःच तासाभरात निस्तरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जो ठणका लागतो तो स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजांचा असतो. यंत्रानं तो काही काळ सुसह्य होतो, इतकंच. पोलीस भरतीसाठी पहाटे १६०० मीटर पळणाऱ्या पोरांनी यंत्रामुळे वेळ कमी होईल अशी आशा धरू नये. त्यांच्यासाठी पोटभर जेवण आणि सात-आठ तासांची झोप जास्त मोलाची आहे.

आधी पाय तपासा

हा भाग घाईत वाचू नका. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम लागते, दुखते, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. तिथे यंत्र लावलं तर गाठ सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. असा पाय हातानंही चेपू नये, थेट दवाखाना गाठावा. दोन्ही पाय सुजलेत आणि आडवं झालं की दम लागतो, तर दुखणं हृदयाचं असू शकतं. तिथेही यंत्र नको. थोडं चाललं की पोटऱ्या आवळून येतात, थांबलं की बरं वाटतं आणि पावलं गार असतात, अशा माणसाच्या पायाला रक्तच कमी पोचत असतं, त्यालाही यंत्र नको. बिडी-सिगारेट आणि तंबाखूवाल्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं. उघडी जखम, लाल होऊन पसरत चाललेली सूज, ताजं फ्रॅक्चर असेल तरी नको.

आणि साखर. आपल्याकडे अनेक घरांत कुणाला ना कुणाला मधुमेह आहे. बऱ्याच जणांच्या पावलांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा असतो. दाब जास्त झालाय हे त्यांना कळतच नाही. त्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिशवीत पाय घालू नये.

मग असं करा

चालून किंवा पळून आल्याबरोबर यंत्रात शिरू नका. दहा मिनिटं सावकाश फिरा, पाणी प्या, पाय धुवा आणि बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. लघवीला जाऊन या, कारण पायातलं पाणी वर सरकलं की मध्येच उठावं लागतं. जोडवी-पैंजण काढा, खिशातल्या किल्ल्या काढा. पातळ सुती पायजमा आणि मोजे घालूनच पिशवी चढवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये नायलॉनच्या पिशवीत उघडा पाय घातला तर घामानं पुरळ उठतं. उन्हाळ्यात हे काम पहाटे किंवा रात्री पंख्याखाली करा.

पाठ टेकून बसा किंवा आडवे व्हा, पोटऱ्यांखाली उशी घ्या. चेन लावताना पिशवीला सुरकुती राहू देऊ नका, तिथेच काचतं.

दाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, बीपी मोजतात तसाच. सुरुवात ३० ते ४० वर करा. सवय झाली की ५०-६० पुरे. मी पहिल्यांदा जास्त आवळलं म्हणजे जास्त गुण येईल असं समजून एकदम वर नेलं होतं. पाऊल बधिर झालं आणि वळ रात्रभर राहिले. दाब घट्ट वाटावा, दुखू नये. पाच मिनिटांनी पिशवी उघडून अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. उशीर लागला, बोटं निळसर दिसली किंवा मुंग्या आल्या तर बंद करा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर बंद करून लगेच दवाखान्यात जा.

वीस ते तीस मिनिटं दिवसातून एकदा बास. लावून झोपी जाऊ नका. मध्येच लाईट गेली आणि कप्पे फुगलेले राहिले तर वाट बघत बसू नका, पंपाची नळी उपटा, हवा आपोआप निघून जाते. संपल्यावर घोटे गोल फिरवा आणि दोन मिनिटं बसून मगच उभे राहा, नाहीतर चक्कर येते.

विकत घेण्याआधी जवळच्या फिजिओथेरपी केंद्रात चौकशी करा. तिथे यंत्र असेल तर दोन-तीनदा लावून बघा. पायाला मानवतं का ते तिथेच कळेल आणि आपला दाब किती हेही विचारून घेता येईल.

पिशवी आतून ओल्या फडक्यानं पुसून सावलीत वाळवा. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात ठेवू नका, कप्प्यांचे जोड सुटतात. आणि घडी करून कोपऱ्यात टाकण्यापेक्षा खुंटीला टांगा; धान्याच्या पोत्यांजवळ ठेवलेली नळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो.