फीडमधला सरकारी झुकाव कसा मोजायचा? रशियाचे उदाहरण

बातम्यांचे फीड सरकारच्या बाजूने झुकलेले दिसले की बोट लगेच पर्सनलायझेशनकडे, म्हणजे वाचकाच्या सवयी पाहून बातम्या निवडण्याकडे, जाते. रशियात मात्र चाळणी त्याआधीच लागते. १ जानेवारी २०१७ पासूनच्या कायद्यानुसार, रोज दहा लाखांहून जास्त वाचक असलेल्या, इतरांच्या बातम्या एकत्र दाखवणाऱ्या अ‍ॅग्रिगेटरने सरकारकडे नोंदणी नसलेल्या माध्यमाची बातमी घेतली, तर मजकुराचे उत्तरदायित्व त्याच्याच गळ्यात पडते. यांडेक्स या रशियन सर्च इंजिनच्या यांडेक्स न्यूज या बातमी सेवेने साहजिकच नोंदणीकृत माध्यमेच ठेवली. २०२२ मध्ये ही सेवा व्हीके या रशियन सोशल मीडिया कंपनीकडे गेली. आता ती तिच्याच झेन या साइटवर दिसते.

म्हणून आधी स्रोत तपासा. आठवडाभर ठरलेल्या वेळी, लॉगिन न करता, वरच्या पाच बातम्यांची शीर्षके आणि माध्यमांची नावे टिपा. स्क्रीनशॉट घ्याच, कारण यादी बघता बघता बदलते. त्याच वेळी देशाबाहेरून चालणाऱ्या मेदुझा या स्वतंत्र रशियन बातमी साइटवर काय ठळक आहे तेही लिहा. तिथली मोठी घटना फीडमध्ये आठवडाभर उगवलीच नाही, तर ती कितव्या क्रमांकावर आहे हा प्रश्नच उरत नाही.

मग पर्सनलायझेशन. एकाच संगणकावर क, ख, ग, घ अशी चार नवी ब्राउझर प्रोफाइल करा. आयपी (इंटरनेट पत्ता), भाषा आणि प्रदेश चौघांचे सारखेच. व्हीपीएन असेल तर सर्व्हरही एकच, नाहीतर शहरागणिक बदलणाऱ्या बातम्यांनाच तुम्ही झुकाव समजाल. क आणि ख कोरी ठेवा. ग वर सात दिवस रोज वीस बातम्या टास आणि रिया नोवोस्ती या सरकारी वृत्तसंस्थांच्या उघडा, घ वर तेवढ्याच कोमेरसांत आणि आरबीके या खासगी माध्यमांच्या. आठव्या दिवशी चारही फीड एकाच मिनिटाला उघडून पहिल्या दहा बातम्या जुळवा.

कोरी जोडी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. समजा क-ख मध्ये दहापैकी आठ बातम्या जुळल्या, ग-घ मध्ये सात. कोऱ्या प्रोफाइलमध्येही दोन बातम्या वेगळ्या निघाल्याच होत्या. म्हणजे पर्सनलायझेशनच्या खाती फार तर एक. तीही एका दिवसाच्या मोजणीवर मांडू नका, निदान पाच दिवस जुळवणी करा.

सर्च तपासताना दोन शोधांत दहा मिनिटे जाऊ द्या. आधीच्या शोधाची सावली पुढच्यावर पडते.

हे सगळे रशियाबाहेरून करा. सप्टेंबर २०२५ पासून तिथे ‘अतिरेकी’ ठरवलेला मजकूर जाणूनबुजून शोधला तरी ३,००० ते ५,००० रूबल दंड होतो. तिथल्या ओळखीच्यांचे खाते चाचणीसाठी मागू नका.